शेवटी हात कोण लाविला?

आमचे घरमालक रावसार यांच्याकडे बिघडलेली वस्तू घेऊन गेलं, की ते वस्तूकडे बघतसुद्धा नसत. ते बघत माणसाकडे. तुम्ही मिक्सर छातीशी धरून उभे असायचे आणि ते चष्मा कपाळावर चढवून तुम्हालाच खुर्चीत बसवून घ्यायचे. मग प्रश्न सुरू. बंद पडायच्या आधी काय वाटत होतास, चटणी की पीठ? वास आला का? रबराचा की जळक्या केसांचा? काल चालत होता ना, मग मधे काय झालं? आणि सगळ्यात शेवटी, आवाज खाली आणून, चोराला कबुलीजबाब द्यायला बसवल्यासारखा तो एक प्रश्न : "सेरी, तंबी. आता खरं सांग. शेवटी हात कोण लाविला?"

'सेरी' म्हणजे ठीक आणि 'तंबी' म्हणजे धाकटा भाऊ. हे दोन शब्द तमिळ. बाकीचं वाक्य मराठीच, पण तीनेकशे वर्षांपूर्वी तंजावरला जाऊन राहिलेल्या घराण्यातलं. आपली मराठी इकडे बदलत गेली, त्यांची तिकडे त्यांच्या माजघरात राहिली आणि तमिळच्या हेलात बोलली गेली. मी मूळचा बार्शीचा. मद्रासला अंबत्तूरच्या पुढे एका सरकारी कारखान्यात हिशेब खात्यात बदली झाली आणि खोली शोधत एका दुपारी त्यांच्या फाटकात उभा राहिलो. अर्धा तास त्यांनी इंग्रजीतून माझी चौकशी केली. मग आत वळून म्हणाले, "अग, कापी टाक. आपलं बोलणं बोलणारा आलाय." बार्शी सोडून हजार किलोमीटरवर माझ्या डोळ्यांत पाणी यायचं काही कारण नव्हतं. तरी आलं.

महाराष्ट्र त्यांनी उभ्या आयुष्यात एकदाच पाहिला होता, तोही पुण्याच्या स्टेशनपुरता. गाडी बदलायची होती, तेवढे दोन-तीन तास. त्यांच्यासाठी मराठी म्हणजे घरातली, दार लावून बोलायची भाषा. भाजीवाल्यासमोर भाव जास्त वाटला तर नवरा-बायको मराठीत कुजबुजणार, पाहुणा उठत नसेल तर मराठीत मसलत करणार. आणि पुण्याच्या फलाटावर हमालापासून तिकीट तपासनिसापर्यंत सगळे मराठीत बोलताहेत. "घाबरलोंच मी, तंबी," ते सांगत. "बायकोला म्हणालो, अग, गप्प बैस. इथं सगळ्यांना कळतंय."

नोकरी त्यांची रेल्वेच्या सिग्नल खात्यात झाली. तिथे ते म्हणे बिघाड शोधण्यासाठीच ओळखले जात. सिग्नल लागेना झाला की बाकीचे खांबाकडे धावायचे, आणि हे केबिनमध्ये बसून सगळ्यांना चहा पाजत चौकशी करायचे. त्यांचं म्हणणं असं, की वस्तू आपण होऊन क्वचित बिघडते. कोणीतरी प्रेमानं किंवा घाईनं तिला हात लावलेला असतो. हे मला आधी म्हातारपणाची करमणूक वाटायची. मग माझं कपडे धुवायचं यंत्र थरथरत अख्ख्या खोलीभर फिरायला लागलं. रावसारांनी मला जिन्यातच बसवून विचारलं, आणि पाचव्या-सहाव्या प्रश्नाला मीच कबूल झालो, की मागे पडलेला मोजा काढायला मी ते पुढे ओढलं होतं. यंत्राचा एक पाय फरशीच्या खाचेत गेला होता. ते वर आलेसुद्धा नाहीत.

घरात दोघंच. कमलामामी मुळातच कमी बोलणाऱ्या, आणि रावसारांशी लग्न झाल्यावर तर बोलायला जागाच उरली नसावी. त्यांच्या पिठल्यात कढीलिंब आणि ओलं खोबरं असे, आणि त्याला पिठलं म्हणायला मी पहिल्या दिवशी नाखूष होतो. दुसऱ्या महिन्यापासून मीच मागून न्यायला लागलो. माझी बायको पुण्यात नोकरीला, त्यामुळे माझा सगळा लाड या खालच्या मजल्यावर व्हायचा. मुलगा सेतू बंगळूरला असे. चांगला मुलगा. दर रविवारी न चुकता फोन करायचा आणि दर रविवारी न चुकता भांडण व्हायचं.

भांडणाचं मूळ म्हणजे कोइंबतूर. तिथे वयस्कर लोकांसाठी बांधलेली एक वसाहत आहे. बैठी घरं, सगळ्यांना मिळून एक स्वयंपाकघर, चोवीस तास डॉक्टर, संध्याकाळी भजन. सेतूनं तिथे एक घर बघून ठेवलं होतं आणि त्याचे फोटो तो पाठवत राहायचा. रावसार ते फोटो मला दाखवत. "बघ, न्हाणीघरात धरायला दांडा. पलंगाजवळ दांडा. जिकडेतिकडे दांडा. माणसानं काय लोंबकळत राहायचं काय?" त्यांना जागेचा राग नव्हता, हे मला नंतर कळलं. कोणीतरी आपल्याला उचलून नेऊन ठेवणार, हे त्यांना सोसत नव्हतं.

आता त्यांच्या गाडीबद्दल सांगायला हवं. साडेतीनशे सीसीची मोटरसायकल, मद्रासलाच बनलेली, गिअर उजव्या पायाला आणि ब्रेक डाव्या. सेतूचा जन्म झाला त्या वर्षी त्यांनी ती जुनी म्हणून घेतली होती; म्हणजे आता ती घरातल्या मुलापेक्षाही वयानं मोठी. ती सुरू करणं ही एक पूजाच होती. पेट्रोलचा कॉक उघडायचा. कार्बोरेटरवरची बारीक पिन दाबून थेंब बोटाला लागेपर्यंत थांबायचं. दाब सोडायची छोटी कळ ओढायची, अँमीटरचा काटा मध्यावर आणायचा, आणि मग एक किक. मी एकदा उत्साहानं लागोपाठ लाथा हाणायला लागलो, तर त्यांनी माझा दंड धरला. "लाथेनं काही होत नाही, तंबी. आधी तिला तयार करायचं. मग पाय लावायचा." ते रोज सकाळी तिच्यावरून भाजी आणायला जात. शंभर पावलांवर भाजी मिळत असताना मुद्दाम लांबच्या बाजारात जात, हे वेगळं सांगायला नको.

त्या वर्षी गाडीच्या नोंदणीची मुदत संपत आली होती. जुनी गाडी दर पाच वर्षांनी आरटीओसमोर उभी करावी लागते. साहेब बघतो, चालवून दाखवा म्हणतो, आणि मग पुढची पाच वर्षं मिळतात. तारीख मिळाली ती नवरात्रानंतरची. आयुधपूजेच्या दिवशी, म्हणजे आपल्या खंडेनवमीला, सेतूचा फोन आला आणि नेहमीचं भांडण पेटलं. अंगणात नारळाखाली येरझारा घालत रावसार बराच वेळ ऐकत होते. मग एकदम थांबून त्यांनी पैज लावली. गाडी आरटीओत स्वतःच्या चाकांवर गेली आणि पास झाली, तर पुढची पाच वर्षं कोइंबतूरचं नाव काढायचं नाही. ढकलत न्यावी लागली, तर ते मुकाट्यानं येतील. सेतू हो म्हणाला. त्यालाही ठाऊक होतं, की ती गाडी एका किकमध्ये सुरू होते. मला वाटतं, त्यानं बापाला जिंकू द्यायचंच ठरवलं असावं.

आयुधपूजेला मद्रासकडे प्रत्येक हत्याराला गंध लागतं. हातोडी, विळी, शिवणयंत्र, पाट्या-वरवंट्यापासून माझ्या ऑफिसच्या लॅपटॉपपर्यंत सगळी धुऊनपुसून ओळीनं बसतात, चंदनाचा टिळा आणि त्यावर कुंकू लावून घेतात, आणि त्या दिवशी त्यांना कामाला लावायचं नाही. चाकाखाली लिंबू चिरडायचं, फाटकाशी कोहळा फोडायचा. नंतर कित्येक आठवडे गावातल्या बसगाड्या, रिक्षा, लोकांच्या स्कूटरी कपाळं माखून हिंडत असतात आणि कोणी ते टिळे पुसत नाही. आपोआप झडतील तेव्हा झडतील. रावसारांच्या गाडीलाही लागले. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी किक मारली, गाडी सुरू झाली, भाजी आणायला गेली आणि परत येताना मेली.

मेली म्हणजे कशी, तर आधी दोन आचके, मग शांत. सुरूच होईना. त्यांचा फोन आला तसा मी गेलो आणि आम्ही दोघांनी ढकलत घरी आणली. रावसारांनी टाकीचं झाकण उघडून पेट्रोल पाहिलं, भरपूर होतं. झाकण लावून किक मारली तर पहिल्या फटक्याला सुरू. ते माझ्याकडे बघून हसले. संध्याकाळी पुन्हा कोपऱ्यापर्यंत गेली आणि पुन्हा मेली. तेव्हा मात्र ते हसले नाहीत. कायमचा बिघाड हा सज्जन माणूस, ते म्हणत. येतो-जातो तो बिघाड लबाड.

त्यांनी चौकशी सुरू केली. माझी झाली, गाडीजवळ दुधाची पिशवी टांगणाऱ्याची झाली, पेट्रोलपंपावरच्या मुलीची झाली. नवरात्रात एक जोराची सर येऊन गेली होती, म्हणून पाण्याचा संशय घेऊन टाकी रिकामी करून वाळवली. कोपऱ्यावरच्या सेल्वम मेकॅनिकनं प्लग बदलला, पॉइंट घासले, कार्बोरेटर खोलून त्यातली बारीक भोकं फुंकली. प्रत्येक उपायानंतर गाडी सुरू व्हायची, आम्हाला आनंद व्हायचा, आणि पेरुमाळच्या देवळापाशी ती आनंदासकट बंद पडायची. सेल्वमनं शेवटी हात टेकले आणि वयाचा विषय काढला. गाडीच्या वयाचा, पण रावसारांना तो लागला.

तारीख जवळ येत चालली होती. एका संध्याकाळी मी कामावरून आलो तर ते गाडीशेजारी पाटावर बसलेले, हात काळे, आणि एकही प्रश्न न विचारता बसलेले. त्यांना गप्प पाहायची मला सवय नव्हती. मला बघून म्हणाले, "तिला जायचंय वाटतं कोइंबतूरला. मीच अडवून बसलोय." मी काहीतरी थट्टा केली, पण वर जाऊन जेवण गेलं नाही. खालचं घर रिकामं झालं तर, हा विचार मी पहिल्यांदा केला आणि तो मला अजिबात आवडला नाही.

पुढच्या रविवारी दुपारी उलगडा झाला. रस्ता सामसूम होता. गाडी अंगणातच चालू ठेवून आम्ही तिच्या मरणाची वाट बघत होतो, आणि ती वेळेवर मेली. सवयीनं रावसारांनी टाकीचं झाकण फिरवलं. एरवी रस्त्यावरच्या आवाजात कधी ऐकू आलं नव्हतं ते ऐकू आलं. हुश्श. टाकीनं हवा आत ओढून घेतली. रावसारांचा हात तिथेच थांबला. त्यांनी झाकण डोळ्यांजवळ नेलं, उलटं केलं, सुलटं केलं, मग माझ्याकडे दिलं आणि खिशातून रुमाल काढून कपाळ पुसलं.

तेलाच्या डब्याला आपण दोन भोकं पाडतो, एकातून तेल यावं आणि दुसऱ्यातून हवा जावी म्हणून. तसं पेट्रोलच्या टाकीच्या झाकणाला मधोमध एक बारीक भोक असतं. त्या भोकावर चंदनाचा जाड टिळा वाळून दगडासारखा झाला होता. हवा आत जाईना, म्हणून पेट्रोल खाली उतरेना. आणि दर वेळी आम्ही पेट्रोल पाहायला झाकण उघडत होतो, तेवढ्यानं तिला पुन्हा थोडा श्वास मिळत होता. प्लग नाही, पॉइंट नाही, पाणी नाही. गाडीभर टिळे होते, ते आम्ही रोज पाहत होतो आणि मद्रासमध्ये राहून टिळा हा संशयित असू शकतो हे आमच्या मनात आलं नव्हतं. मी तर हसत सुटलो.

रावसारही हसत होते. पण टाकीवर टिळा त्यांनी लावला नव्हता. दरवर्षी गाडीला गंध लावायचा मान त्यांचा. त्या दिवशी ते फोनवर भांडत होते आणि पूजेची वेळ टळत होती, म्हणून गाडीला गंध लावलं मामींनी. सगळ्या गावाची चौकशी झाली होती, पण घरातल्या माणसाला त्यांनी विचारलं नव्हतं. "कमले," त्यांनी हाक मारली, "बाहेर ये. चोर सापडला." मामी पदराला हात पुसत आल्या. त्यांनी ऐकून घेतलं आणि ओशाळल्या. म्हणाल्या, मी गाडीच्या दिव्यालाच लावत होत्ये. हाताला गोल लागलं, म्हणून मध्यावर लावलं.

"हाताला लागलं म्हणजे? दिसलं नाही?" रावसारांनी सहज विचारलं. रावसारांचं हसू हळूहळू ओसरलं. गाडीचा दिवा केवढा, टाकीचं झाकण केवढं. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला, पाट पुढे ओढला आणि मामींना त्यावर बसवलं. मी निघून जायला हवं होतं, पण जिना त्यांच्या मागेच होता, म्हणून भिंतीशी उभा राहिलो.

केव्हापासून? वर्ष-दीड वर्ष. उन्हात जास्त का अंधारात? दोन्हीकडे, पण दिव्यांना काटे फुटलेले दिसतात. शिवणयंत्र? ते कधीच बंद केलंय, दोरा ओवता येत नाही. नवरात्रात पायऱ्यांवर बाहुल्या कशा मांडल्या? दरवर्षीच्या जागा पाठ आहेत. स्वयंपाक? त्याचंही तसंच. एकेका उत्तराला रावसार मान हलवत होते, आणि मान दर वेळी थोडी थोडी खाली जात होती. शेवटचा प्रश्न त्यांनी अगदी हळू विचारला. "मला का सांगितली नाहीस?"

"सांगितलं असतं तर सेतूनं दुसऱ्या दिवशी कोइंबतूरला नेलं असतं," मामी म्हणाल्या. "तुम्हाला जायचं नव्हतं."

मग रावसार म्हणाले, "सगळ्यांचा हात विचारत फिरलों. तुझा राहिलाच." त्यांनी मामींचा हात हातात घेतला, काळं ग्रीस लागलेल्या आपल्या हातात, आणि मामींनी माझ्यासमोर तो सोडवून घेतला नाही. तेवढ्यात मी जिना गाठला.

गाडी ठरल्या दिवशी स्वतःच्या चाकांवर आरटीओत गेली. मी मागून माझ्या स्कूटरवर होतो. साहेबानं सुरू करून दाखवा म्हटलं. रावसारांनी त्या गर्दीतही सगळा विधी शांतपणे केला, काटा मध्यावर आणला आणि किक मारली. पहिली फुकट गेली. दुसऱ्या किकला ती अशी काही बोलली, की परवान्यासाठी रांगेत उभी असलेली पोरं टाळ्या वाजवायला लागली. पुढची पाच वर्षं मिळाली. सेतूनं फोनवर हार कबूल केली, आणि मला वेगळा फोन करून आभारही मानले. रावसार जिंकले होते. पण त्या आठवड्यात त्यांनी जिंकल्याचा विषय एकदाही काढला नाही. त्यांचा सगळा वेळ डोळ्यांच्या दवाखान्यात जात होता.

मोतीबिंदू होता, दोन्ही डोळ्यांत. आधी एक डोळा झाला, महिन्यानं दुसरा. पट्टी सुटल्यावर मामी जे बोलायला लागल्या ते थांबेनात. कोपऱ्यातली जळमटं किती झालीत. मोरीची फरशी कसली काळी. टी. नगरच्या गर्दीत जाऊन त्यांनी आदल्या वर्षी आवडीनं घेतलेली मोरपिशी साडी मुळी हिरवीच निघाली, आणि कोणी सांगितलं नाही म्हणून आम्ही दोघांनीही बोलणी खाल्ली. शिवणयंत्र उघडलं गेलं. माझ्या सगळ्या शर्टांची बटणं त्या आठवड्यात पक्की झाली. मी रावसारांना म्हटलंसुद्धा, की सार, तुमचा रोजचा बोलायचा वाटा आता निम्मा झाला. त्यावर त्यांनी मान डोलावली आणि ते खूश दिसले.

मग एका सकाळी रावसार भाजीला निघाले आणि मामी दारात उभ्या राहून बघत होत्या. त्यांनी किक मारली, गाडी सुरू झाली. मामी म्हणाल्या, "थांबा. बंद करा." गाडी बंद झाली. "पाय थरथरतोय तुमचा. किक मारल्यावर सीट धरून उभे राहिलात. केव्हापासून?" रावसार उडवाउडवी करायला लागले, तर मामींनी त्यांना पायरीवर बसवलं आणि त्यांच्याच पद्धतीनं एकेक प्रश्न विचारला. जिना चढताना? न्हाणीघरात? रात्री उठताना? मी वरून ऐकत होतो. इतकी वर्षं दुसऱ्यांना असं बसवणाऱ्या माणसाला उत्तरं देणं जड जात होतं, पण त्यांनी दिली. सगळी खरी दिली. शेवटी मामी म्हणाल्या, "मला आता जागा बघायची आहे ती. नीट दिसतंय तर बघू या की."

सेतूच्या वर्षानुवर्षांच्या फोनांनी जे झालं नव्हतं ते झालं. दोघं जाऊन जागा बघून आले. रावसारांनी तिथल्या दांड्यांना हात लावून पाहिला आणि एक ढिला आहे असं कळवलं. जानेवारीत, पोंगल आटोपल्यावर, निघायचं ठरलं. सामान आणि मामी सेतूबरोबर रेल्वेनं पुढे गेल्या. रावसार मात्र गाडीवरून येणार होते, वाटेत मुक्काम करत, सावकाश. यावर सेतूनं पुन्हा डोकं धरलं, पण मामीच म्हणाल्या, येऊ दे त्यांना त्यांच्या पायानं.

पहाटे मी त्यांना श्रीपेरुंबुदूरपर्यंत पोचवायला गेलो. तिथे कारखान्यांच्या बसगाड्या एकामागून एक येत होत्या, पाळी बदलायची वेळ होती. चहाच्या गाड्यावर निळ्या गणवेशातली पोरं आमच्याभोवती जमली, गाडीबरोबर फोटो काढून घेऊ लागली, आणि रावसारांनी एकाला त्याच्या बंद पडणाऱ्या मोटरसायकलबद्दल प्रश्न विचारायला सुरुवातही केली. मी रडायचं नाही असं ठरवून आलो होतो. ते माझ्याकडे वळून म्हणाले, "सेतूला सारखं सांगत होतों, मी येणार नाही. ते खोटं नव्हतं, तंबी. मला न्यायचं म्हणत होता ना तो. कमला नुसतं चला म्हणाली." मग त्यांनी हेल्मेट घातलं, मला मागे व्हायला सांगितलं, आणि बसगाड्यांच्या रांगेतून वाट काढत वेल्लूरच्या दिशेनं गेले. मी लगेच परत फिरणार होतो, पण ते दिसेनासे होईपर्यंत तिथेच उभा होतो. कामावर उशीर झाला, आणि का झाला ते मी साहेबांना खरं सांगितलं.

वरच्या खोलीत मी अजून राहतो. खाली नवे भाडेकरू आले आहेत, भले लोक आहेत. त्यांचा पंखा बिघडला तेव्हा मीच त्यांना खुर्चीत बसवून प्रश्न विचारले, आणि त्यांना ते जरा विचित्र वाटलं असावं.

रावसार कोइंबतूरला पोचले त्या संध्याकाळी मामींचा फोन आला. आले का, मी विचारलं. आले, म्हणाल्या. दमलेत, पण कबूल करत नाहीत. मला वाटलं, आता फोन ठेवतील. फोनवर जास्त बोलायची त्यांची पद्धत नव्हती. पण त्यांनी ठेवला नाही.

"मी फाटकापाशीच उभी होत्ये, तंबी. इतकी वर्षं गाडीचा आवाज आला की मला कळायचं, आले म्हणून. मग उठून दार उघडायची. आज आवाज यायच्या आधीच दिसले."